वैद्याकडे राहिलेली छत्री

१२ ऑगस्ट, मंगळवार

टप्, टप्-टप्, टप्.

सकाळी पागोळ्यांचं पाणी बादलीत पडत होतं, आणि मला देवपुजारी मास्तरांचं डस्टर ऐकू आलं. सदुसष्ट वर्षं झाली. शाळेला पत्र्याचं छप्पर, वर पाऊस, खाली आम्ही चाळीस पोरं घसा ताणून कविता म्हणतोय आणि मास्तर टेबलावर डस्टरनं ठेका धरतायत. आमचे आवाज पावसात बुडायचे, डस्टर बुडत नसे. कविता मास्तरांचीच होती. कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून टिकली.

नदी म्हणाली, थांबु कशाला,
गाव पुढे मज हाक मारते.

आता देवश्रीच्या शाळेत कविता कागदावर छापून देतात आणि मुलं गाळलेल्या जागा भरतात. नातीला विचारलं, "चाल कोणती लावता गं?" तर म्हणाली, "आजोबा, पोएम में चाल नहीं होती, मार्क्स होते हैं." चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत.

चहाच्या वेळी निरंजननं विषय काढला. आमचे चिरंजीव नव्या रायपूरच्या सरकारी ऑफिसात आहेत, त्यामुळे घरातही फाईल पुढे सरकवल्यासारखं बोलतात. "बाबा, दिवाळीनंतर आपण फ्लॅटवर राहायले जाणार. बूढ़ापाऱ्यातल्या या घरातली ही शेवटची तीज. मीनाक्षीला आणायचं का?"

मी म्हटलं, "आण की. मी काय तुझे पाय बांधलेत?"

"दोनदा बांधले होते," तो म्हणाला. "आता मी नाही जात. तिचा निरोप आहे, बाबा घ्यायले आले तरच येईन."

अटी घालते! चहा गार झाला तो तसाच टाकला.

१३ ऑगस्ट, बुधवार

हकिगत लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी माझ्या नावावर भलतंच खपवू नये.

मीनाक्षी माझी थोरली. रायपूरजवळ उरला इथल्या एका कारखान्यात टायपिंग करायला जात होती. तिथे पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक मनुष्य यायचा. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्याशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. तो इथलाच, छत्तीसगढी, चारामाच्या पुढे कोसमडीह गावचा. त्याचं नाव मी या वहीत आजवर लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. पंपवाला एवढं पुरे.

लग्नानंतर आठवड्यानं ती इथं आली होती. लहानपणापासून आमची एक खूण होती. शाळेतून आली की दारावर मास्तरांचा ठेका वाजवायची आणि पहिली ओळ म्हणायची. आतून मी दुसरी म्हणायचो, मग दार उघडायचं. त्या दिवशीही तिने तसंच ठोकलं. पहिली ओळ म्हटली. दोनदा म्हटली.

मी काही बहिरा नव्हतो. खुर्चीत बसून होतो. बायको, वनमाला, उठायला लागली, तिला डोळ्यांनी बसवलं.

बापाला काही मान असतो की नाही?

१७ ऑगस्ट, रविवार

क्षमाबरोबर साडी घ्यायला गेलो. ही आमची सूनबाई, बिलासपूरची. घराणं मराठी, पण तीन पिढ्या इथं मुरलेलं, त्यामुळे इथल्या रीतींची मोठी पंडित. रस्ताभर मला धडा देत होती. तीजेला लग्न झालेल्या मुलीला माहेरचा माणूस स्वतः जाऊन घेऊन येतो, बाप नाहीतर भाऊ. आदल्या रात्री मुली कारल्याची भाजी आणि भात खातात, मग उपास, मग माहेरची नवी साडी नेसून पूजा. मी म्हटलं, आमच्या विदर्भात हरतालिका असते, पोरी आपापल्या घरी वाळूची पिंड करतात, कोणाला आणा-न्यायची यातायात नसते. क्षमा म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मले बूढ़ापाऱ्यात, विदर्भ पाह्यला लग्नांपुरता."

दुकानदाराने दीडशे साड्या अंगावर फेकल्या, एकीचाही रंग रंगासारखा नाही. शेवटी जांभळी घेतली, मोरपंखी काठांची. मीनाक्षीला लहानपणी जांभळ्याचं वेड होतं. क्षमाला हे सांगितलं नाही. स्वस्त पडली म्हणून घेतली असं सांगितलं.

परतताना भिजलो, कारण माझी छत्री नाही. निवृत्तीच्या दिवशी रेल्वेतल्या सहकाऱ्यांनी दिलेली, लाकडी मुठीची, मुठीवर दि. ग. अशी अक्षरं कोरलेली. वनमाला ती वैद्याकडे विसरली. हा वैद्य म्हणजे एक नमुनाच. चारामाच्या पुढे कुठल्याशा खेड्यात राहायचा आणि गुडघ्याचं औषध वर्षातून एकदाच द्यायचा, पोळा झाला की. वनमाला सतरा वर्षं न चुकता गेली. निरंजन तिला बसमध्ये बसवून द्यायचा. गुडघे तसूभर सुधारले नाहीत, पण परत यायची ती टवटवीत होऊन, डब्यात ठेठरी-खुरमी घेऊन. मी विचारायचो, हा वैद्य औषधाबरोबर फराळही देतो काय? ती म्हणायची, "हो, पथ्याचाच भाग आहे." भोळी होती. शेवटच्या खेपेला छत्री तिथेच ठेवून आली आणि जानेवारीत कायमची गेली. तेव्हापासून दोन पावसाळे मी निरंजनच्या प्लास्टिकच्या रेनकोटात काढतोय. त्यात मी गॅसच्या सिलिंडरसारखा दिसतो.

त्या वैद्याने छत्री ढापली, दुसरं काय.

२० ऑगस्ट, बुधवार

मनात वाक्यं जुळवतोय. दार उघडल्यावर काय बोलायचं? "मीने, चल." फार कोरडं. "झालं गेलं विसरून जा." हे तर नाटकातल्या बापासारखं. शिवाय विसरायचं कोणी, तिने की मी?

शाळेत असताना कविता अडली की मास्तर खिडकीबाहेर बघायला सांगायचे. आज पाहिलं. समोरच्यांच्या गच्चीत दोन पोट्टी पावसात हातवारे करून फोनवर आपलंच शूटिंग करत होती. एकाला शिंक आली की ते पुसून पुन्हा सुरू. पाच वेळा भिजली. भिजायचं सुखही यांना पहिल्या खेपेला जमत नाही.

वाक्य काही सुचलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार. पोळा

कोपऱ्यावर मातीचे बैल विकायला होते. गुलाबी बैल! निळे बैल!

निरंजन म्हणाला, "उद्या मी कार काढतो, आपण दोघं जाऊ." मी नको म्हटलं. तो आला तर ती म्हणेल भावानं आणलं. जायचं तर मी एकटा जाईन, बसनं. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला शंभर किलोमीटर जायला शोफर लागत नाही.

"फोनवर ऑरेंज अलर्ट आहे," तो म्हणाला.

पूर्वी आभाळ काळं झालं की पाऊस येणार हे गाढवालाही कळायचं. आता आभाळाला रंग फोन देतो.

क्षमानं पिशवी भरली. साडी, तिच्यावर प्लास्टिक, त्यावर पुन्हा प्लास्टिक. देवश्री म्हणाली, "आजोबा, बुआ को पक्का लाना. मैंने उनको सिर्फ़ वीडियो कॉल पे देखा है." म्हणजे हे सगळे बोलत असतात तिच्याशी. मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

२४ ऑगस्ट, रविवार

सविस्तर लिहितो. घरात मी एक सांगितलं आहे, वहीत दुसरं लिहीन.

सकाळी सातची बस. स्टँड आता भाटागावला नेऊन टाकलाय, तिथे पोचायलाच एक प्रवास. बसमध्ये टीव्हीवर मारामारीचा सिनेमा, खिडकीची काच अर्धी, उरलेल्या अर्ध्या जागेतून पाऊस थेट माझ्या मांडीवर. कंडक्टरला म्हटलं तर म्हणतो, "बाबूजी, नेचर का मज़ा लो." शेजारच्याने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून धमतरीपर्यंत झोप काढली. धमतरीला जायला आमची छोटी गाडी होती. अरुंद रुळांवरून बैलगाडीशी शर्यत लावायची आणि हरायची. अभनपूरला उतरून चहा घेऊन पुन्हा चढता यायचं. मी तिकिटं दिली आहेत त्या गाडीची. ती बंद केली आणि ही लोखंडी पेटी दिली. प्रगती आहे.

एवढं मात्र खरं, कुरूदच्या पुढे धानाची शेतं लागली आणि मी बडबडायचा थांबलो. बांधापर्यंत पाणी, त्यात हिरवं, त्यावर बगळे. वनमाला दरवर्षी याच वाटेनं जायची. मला एकदाही म्हणाली नाही, चला म्हणून. गुडघे दाखवायला नवरा कशाला, असं वाटलं असेल.

चारामाला उतरलो. तिथून जीप. सहा माणसांच्या जागेत चौदा, वर दोन कोंबडे. कोसमडीहच्या अलीकडे नाला आहे, त्यावर रपटा, म्हणजे बुटका सिमेंटचा पूल, आणि रपट्यावरून पाणी चाललेलं. जीपवाला म्हणाला, "उतरो सब. पानी उतरेगा तो पैदल जाना." पैसे घेऊन निघूनही गेला.

पलीकडे गाव दिसत होतं. निळी टाकी, देवळाचा कळस, एका घरावर पाटी, अंतरामुळे वाचता येत नव्हती. पंपाचं चित्र असावं.

अलीकडे दहाबारा माणसं थांबलेली. त्यात एक म्हातारी. वय माझ्याहून कमी नसेल, डोक्यावर बोचकं, चपला हातात. किलोमीटरच्या दगडावर बसून शेंगा खात होती. सालपटं माझ्या बुटाशी टाकत होती. मी पाय काढला तर मला वाटलं ती माफी मागेल. तिने मूठभर शेंगा पुढे केल्या.

"काखर घर जाबे, बाबू?" कुणाच्या घरी?

नाव घेणं आलं. मी म्हटलं, "वो पंपवाले के यहाँ."

"मिस्त्री? ओखर मराठिन बहू बने हे." त्याची मराठी बायको चांगली आहे म्हणाली. "बेटी ला लेगे बर आय हस?" मुलीला न्यायला आलास?

मी हो म्हटलं. मग उगाच विचारलं, तुम्हाला न्यायला कोण आलंय? ती हसली. तिचं माहेर पलीकडेच. भाऊ होता, तो वारला. भाच्यांना आठवण राहत नाही. "त का होगे? मैं अपन ला खुदे लेगथंव." मग काय झालं, मी माझी मलाच माहेरी नेते.

काय लोक असतात. न बोलावता जायचं, आणि वर हसायचं.

तिच्या शेजारच्या दगडावर बसून दीड तास गेला. पाऊस उघडला. पाणी उतरलं, आधी घोट्यापर्यंत आलं, मग रपट्याचं सिमेंट दिसायला लागलं. माणसं एकमेकांचे हात धरून निघाली. एका तरुणानं मला म्हटलं, "आ जाओ दादाजी, हाथ दो." मी सांगितलं, पाण्याला ओढ आहे. तो म्हणाला, "अब तो मुर्गी भी पार हो जाएगी." उर्मट. खरंच कोंबडेवालाही गेला.

मी त्या पाटीकडे पाहत होतो. पाच मिनिटांची वाट. मी जाऊन दार ठोकणार, आणि ती आत खुर्चीत बसलेली असेल, आणि उठलीच नाही तर? मला कोणी डोळ्यांनी बसवलं नव्हतं, तरी मी त्या दगडावरून उठलो नाही.

नदीनाल्यांची कविता वर्गात म्हणणं वेगळं.

म्हातारी बोचकं डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा मी साडीची पिशवी तिच्या हातात दिली. "मिस्त्री की बहू को दे देना. बोलना, बाबा ने भेजा है." तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. "तैं नइ आवस?" तू नाही येत? मी म्हटलं, तब्येत. तिने पिशवी बोचक्यावर ठेवली आणि लुगडं घोट्याच्या वर धरून टुणटुण पार झाली. अडाणी माणसांना धोका कळत नाही हेच खरं.

परतीची बस. तोच सिनेमा.

घरी सांगितलं, पूल वाहून गेला.

२५ ऑगस्ट, सोमवार. सकाळ

देवश्रीनं फोनमध्ये पाहून सांगितलं, "आजोबा, रोड तो ओपन है. कल दोपहर से." विज्ञानाचे फायदे.

मग क्षमानं विचारलं, साडी कुठाय? सांगावं लागलं. पोळी तव्यावर करपली तरी ती बघतच राहिली.

"एका अनोळखी बाईच्या हाती? बाबा, काहून असं केलं? इथं बापानं साडी धाडली आन् सोता नाही आला, म्हंजे काय होते ठाऊक आहे तुम्हाले? सासरचे समजतात, माहेर संपलं. घे साडी, आन् आता येऊ नको. यापेक्षा काही न धाडता तर बरं झालं असतं."

"मला काय ठाऊक तुमच्या रीती!" मी म्हटलं.

"तिले तर ठाऊक आहेत न. एकोणीस वर्षांपासून राहून राहिली ती तिथं."

निरंजन डबा न घेता ऑफिसला गेला. जाताना जिन्याखाली उभा राहून त्याने कुणाला तरी फोन केला, आणि समोरून उचलला नाही.

म्हणजे मी दोनदा दार लावलं. पहिल्यांदा निदान रागात लावलं होतं. या खेपेला जांभळी साडी देऊन लावलं. कौतुक आहे माझं. चाळीस पोरांत पाठांतरात पहिला येणारा दिवाकर, मास्तरांचा लाडका, नदीची कविता तोंडपाठ, आणि घोटाभर पाण्याला भ्याला. मास्तर असते तर डस्टर टेबलावर आपटलं नसतं.

आज रात्री करू-भात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. क्षमानं कारली आणलेली आहेत, टोपलीत तशीच पडली आहेत.

त्याच दिवशी, दुपार, दीड वाजता

घाईत लिहितोय.

जेवायला बसणार तोच दारावर आवाज झाला. टप्, टप्-टप्, टप्.

ताट बाजूला केलं. देवश्री धावली, तिला हाताने थांबवलं. दाराशी गेलो. आतूनच उभा राहिलो आणि पहिल्या ओळीची वाट पाहिली. बाहेरून आवाज आला तो पुरुषाचा. घोगरा, अडखळत, एकेक शब्द दगडावर पाय ठेवून आल्यासारखा:

"नदी... म्हनाली... थांबु कशाला."

पुढची ओळ मला म्हणायची होती. कडीला हात लावला, काढला. तो बाहेर उभा. पाऊस वाजतोय. त्याने पुन्हा ठोकलं, पुन्हा तीच ओळ, तशीच मोडकी. दोनदा. तिनेही दोनदाच म्हटली होती.

मी म्हटलं, "गाव पुढे मज हाक मारते." आणि कडी काढली.

पन्नाशीचा माणूस. केस पिकलेले, नखांत काळं ग्रीस, काखेत कालची साडीची पिशवी. प्लास्टिकवरचं प्लास्टिकसुद्धा सोडलेलं नाही. वाकून नमस्कार केला.

"वो बोली, ऐसे ठोकना, और ये बोलना, तो बाबूजी खोल देंगे. रास्ते भर याद करते आया हूँ." मग पिशवी पुढे केली. "ये ऐसे नहीं लेगी वो. बोली, साड़ी को नहीं, बाबा को लाओ. वो साड़ी वाली बूढ़ी दाई बोली कि आप नाले तक आए थे. जो नाले तक आ गया, वो आधा तो आ ही गया. दोस्त की बोलेरो लाया हूँ, गली के मुँह पे खड़ी है. चलिए, आप लेने चलिए. मैं सिर्फ़ गाड़ी चलाऊँगा. रात तक लौट आएँगे, करू-भात यहीं खाएगी."

जावई सासऱ्याला न्यायला आलाय, म्हणजे सासरा मुलीला आणायला जाईल. ही कुठल्या गावची रीत? क्षमाला विचारलं. ती म्हणाली, "कुठलीच नाही, बाबा," आणि डोळे पुसत कारली चिरायला बसली.

आता तो बैठकीत चहा घेतोय. देवश्री त्याला विचारते, "फूफाजी, पोएम पूरी आती है क्या?" आणि तो म्हणतो, एकच ओळ आली, तीही धमतरीला एकदा विसरली होती. खेमलाल. लिहिलं नाव. खेमलालजी.

बूट सापडत नाहीत. क्षमा म्हणते चपला घाला, पाण्यात बऱ्या पडतात. पिशवी मी माझ्या हातात घेतली आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात येत नाही. त्यानं आत येताना छत्री मिटून दाराशी टेकवली. लाकडी मुठीची. मी पाणी निथळू द्यायला हातात घेतली तर मुठीवर दि. ग. ती त्या वैद्याकडून याच्याकडे कशी आली? वाटेत विचारीन. वाट लांब आहे.